माझं मेलेलं बटण

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे आणि माझं एक बटण मेलेलं आहे. इजिप्तमधल्या पोर्ट सईदला, बोटीच्या धक्क्यामागच्या गल्लीत, शौकीच्या इंटरनेटच्या दुकानात मी राहतो. माझं वय विचारू नका. माझ्याबरोबर एकाच खोक्यातून आलेले सगळे भाऊबंद कधीच भंगारात गेले.

माझ्या प्रत्येक बटणावर दोन अक्षरं छापलेली, एक इंग्रजी आणि एक अरबी. एक घर, दोन भाडेकरू म्हणा ना! जे बटण मेलं, त्यावर इंग्रजी 'यू' होता आणि त्याला खेटून अरबी 'ऐन'. ऐन म्हणजे पार घशाच्या तळातून काढायचा 'अ'. बोबड्या पोरांना तो लवकर जमत नाही. एवढं लक्षात असू द्या.

नवा होतो तेव्हा काय रुबाब होता माझा! शौकी रोज सकाळी मला फुंकर मारायचा, मऊ फडक्यानं पुसायचा. कॉलेजची मुलं यायची आणि माझ्यावर बोटं ठेवून भांडायची. त्यांचे मास्तर इंग्लंडच्या वळणाचे, यंत्र अमेरिकेच्या वळणाचं. 'प्रोग्रॅम'ला मास्तर शेवटी दोन अक्षरांची शेपटी लावायला सांगायचे आणि यंत्र त्या शेपटीखाली लाल रेघ ओढायचं. 'डिस्क'च्या शेवटी 'सी' की 'के', यावर एकदा दोघं हमरीतुमरीवर आले होते.

"शौकीभाई, तुमच्या पाटीवरच्या 'सेंटर'ची शेवटची दोन अक्षरं उलटी पडलीत!"

"माझी सुलटी आहेत. उलटी तुझ्या मास्तरांची," शौकी म्हणायचा, "आणि मागच्या तासाचे पैसे ठेव आधी."

तुमच्याकडे वेलांटी पहिली की दुसरी यावरून जुंपते ना, तसंच. मला हसू यायचं. एका अक्षरानं असं काय आभाळ कोसळतं, असं मला वाटायचं. तोवर बुसैनामावशी दुकानात आल्या नव्हत्या.

मावशींच्या वडिलांचा फोटोचा स्टुडिओ होता. नाव 'सलामा कलर'. रंगीत फोटो नवे होते तेव्हा त्यांनी मोठ्या हौसेनं इंग्रजी पाटी रंगवली. एका गोऱ्या कप्तानानं त्यांना बजावलं होतं, 'कलर'मध्ये 'यू' हवाच, त्याशिवाय ते इंग्रजी नव्हे. म्हणून म्हाताऱ्यानं तो 'यू' चांगला ठसठशीत काढला. वडील गेले, दुकान बंद झालं, पण पाटी राहिली. मावशी तिच्याच वरच्या खोलीत राहतात.

त्यांचा थोरला भाऊ अझीझ अमेरिकेत, न्यू जर्सीला. वडील गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेलाही तो आला नाही. मावशी फोनवर कडाडल्या, "या घराचा फोन पुन्हा वाजवू नकोस!" भाऊही त्याच मातीचा. नाही वाजवला. पुढं सुटीवर आलेल्या एका शेजाऱ्याकडून त्यानं निरोप धाडला: राग गेला की मला ई-मेल लिही. पत्ता सोपा आहे, बाबांच्या पाटीवरचं नाव. नाही लिहिलंस तर समजेन, राग तसाच आहे.

राग जायला वेळ लागला. तोवर शेजारी परत गेला होता आणि शौकीचं दुकान उघडलं होतं.

मग दर गुरुवारी मावशी यायच्या. शौकी दुकानाच्या ई-मेलच्या पेटीतून कोरं पत्र उघडून द्यायचा आणि लांब जाऊन उभा राहायचा. एकदा त्यानं मान वाकडी केली, तर मावशी खेकसल्या, "सरक तिकडं! बहीणभावाचं आहे." पडद्याकडं त्या बघायच्याच नाहीत. डोळे माझ्यावर आणि एकच बोट. 'अझीझ'चा पहिला 'अ' म्हणजे ऐन. ते बटण त्या असं दाबायच्या की मी टेबलावर हलायचो. अझीझ, बाजारात बोरी मासे आलेत, तुझ्याशिवाय घशाखाली उतरत नाहीत. अझीझ, माझा राग गेला रे. लिही. आणि शेवटी पत्ता, बाबांच्या पाटीबरहुकूम.

पुढच्या गुरुवारी दारातूनच विचारायच्या, "आलं का रे काही?"

"नाही मावशी. अमेरिकेत माणसाला वेळ नसतो."

"वेळ नसतो की बहीण नसते?"

शौकी खुर्ची पुढं सरकवायचा. त्यांच्या बोटाखालचं माझं 'ऐन' पुसट होत गेलं, मग दिसेनासं झालं. मला तोंड असतं तर मी समुद्रापार हाका मारल्या असत्या.

एका संध्याकाळी दुकानात सामना लागला होता. गोल झाला, शौकी उडाला आणि त्याच्या हातातला गोडमिट्ट चहा माझ्यावर. बाकीची बटणं वाळून सुधारली, ते एक मात्र साखरेनं कायमचं बसलं. शौकीला पत्ताच नाही. गुरुवारी मावशी आल्या. बोटानं ऐन दाबलं, मी जीव तोडून प्रयत्न केला, काही उमटलं नाही. त्या मात्र लिहीतच राहिल्या. भावाचं नावच मी खाल्लं, या विचारानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि पुढच्या गुरुवारी शौकी रस्त्यावरच ओरडत गेला, "मावशी! आलं! आलं!"

मावशींच्या डोळ्यांना धार लागली होती, म्हणून त्यानंच वाचलं. "बुसैना, 'झीझ' लिहिलंस! बोबडी होतीस तेव्हा म्हणायचीस तसं. अख्ख्या पत्रात एक ऐन नाही. वेडे, सगळं बोबडंच लिहिलंस? मी कामावर चारचौघांत रडलो. इतकी वर्षं वाट पाहिली. वाटलं, तुझा राग गेलाच नाही."

"इतकी वर्षं?" मावशी ताडकन उठल्या. "मग दर गुरुवारी मी काय भिंतीला लिहीत होते?"

शौकीनं जुनी पत्रं उघडली, नवं उघडलं, माझं बटण दाबून पाहिलं. मग कपाळावर हात मारला. "मावशी, पत्त्यातल्या 'कलर'मध्ये तुम्ही 'यू' घालत होतात?"

"घालणारच! बाबांच्या पाटीवर आहे."

"अमेरिकेत घालत नाहीत."

"का? महाग आहे?"

शौकीला हसू आवरेना. मावशी मात्र खुर्चीत बसल्या. "मग माझी पत्रं गेली कुठं?"

"त्या 'यू'वाल्या पत्त्याच्या कुणाकडे तरी. हे बटण मेलं, 'यू' गळला, तेव्हा कुठं भावाला पोचलं."

"म्हणजे माझा राग गेलाय हे कुणा परक्याला सांगत बसले मी," त्या हळूच म्हणाल्या, "आणि माझा भाऊ तिकडं झुरत होता." मग त्यांनी माझ्या त्या आंधळ्या बटणावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. माझी झीज झाली आणि त्यांना त्यांचा झीझ मिळाला.

पण मित्रांनो, कौतुक किती दिवस टिकणार! शौकीनं नवा कीबोर्ड आणला आणि मला वरच्या फळीवर टाकलं. तिथं धूळ आणि खाली गुरुवार. मावशींचा आवाज ऐकू यायचा, बोट मात्र दुसऱ्याच्या अंगावर वाजायचं. त्या दिवसांत मला कळलं की अझीझला तिकडं काय वाटत असेल.

मग एका गुरुवारी मावशी तणतणत आल्या. "तो खाली काढ."

"मावशी, तो मेलाय."

"एक बटण मेलंय. माझे गुडघे मेलेत, मला टाकतोस फळीवर? हे वाच. म्हणतो, 'अझीझ का लिहिलंस? पुन्हा रागावलीस?'"

शौकीनं मुकाट्यानं मला पुसलं आणि जोडलं. पत्ता शौकीच नव्या कीबोर्डवर, 'यू' न घालता, लिहून देतो. पत्र मात्र मावशी माझ्यावर लिहितात, आणि अमेरिकेतला तो पांढऱ्या केसांचा माणूस दर आठवड्याला पुन्हा झीझ होतो.

म्हणून सांगतो मुलांनो, घरातली वस्तू बिघडली की लगेच फेकू नका. कुणाचं काय तिच्यात अडकलेलं असेल, सांगता येत नाही.

ईदनंतर येतो, असं तो लिहितो. गेल्या ईदलाही हेच लिहिलं होतं. बोटीचा भोंगा वाजला की मावशींचं बोट माझ्यावर थांबतं आणि आम्ही दोघंही दाराकडं बघतो. तो यावा, इथं बसावा आणि आपल्या नावाचं पहिलं अक्षर एकदा दाबावं, एवढंच माझं मागणं आहे. उमटणार तर काहीच नाही. पण तेव्हा त्याची बहीण शेजारी उभी असेल, आणि ती तोंडानंच म्हणेल, "झीझ."