घर स्वच्छ आहे म्हणाले

चढ लागला तसा गिअर हलका करायचा सोडून शीलाने तो उलट जड केला आणि सीटवरून उठून पायडल हाणायला लागली.

"अगं हळू! रेस लागलीये का आपली?" मागून नंदा ओरडली.

शीलाने वेग कमी केला नाही. सप्टेंबर संपत आला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षांच्या रांगा डोंगर चढत गेल्या होत्या. तोडणी सुरू होती, आणि हवेत तो गोडसर, जरासा आंबूस वास भरून राहिला होता. खाली झाडांच्या आडून ग्रँड रिव्हर वाहत होती. एरवी ह्याच वासासाठी, ह्याच रिकाम्या रस्त्यासाठी दोघी ओहायोतल्याच डब्लिनहून अडीच तास गाडी हाकत, सायकली मागे लटकवून ह्या कोपऱ्यात यायच्या. आज तो वास शीलाच्या डोक्यात जात होता.

आठ वर्षं त्या बरोबर सायकल चालवत होत्या. शीला पुढे, समोरचा वारा अंगावर घेत. नंदा तिच्या मागच्या चाकाला चिकटून, आडोशाला. नंदाचं काम एकच, मागून मोटार आली की "गाडी!" म्हणून ओरडायचं. असं कुणी ठरवलं नव्हतं, पडत गेलं. मग गेल्या वर्षी तिकडे ॲन आर्बरला शीलाच्या लेकीचं, मैत्रीचं, आणि नंदाच्या मुलाचं, नीलचं, जमलं, तेव्हा दोघींनी किचनमध्ये एकमेकींना मिठ्या मारून अक्षरशः उड्या मारल्या होत्या. तेव्हापासून नंदा तिला 'विहीणबाई' म्हणायची. आज पोरं तिकडून ड्राइव्ह करत इकडेच यायची होती. नदीकाठच्या वायनरीत जेवायचं आणि लग्नाची तारीख पक्की करायची, असा बेत होता.

आणि काल सकाळी नागपूरहून अतुलचा फोन आला. अतुल म्हणजे शीलाचा धाकटा भाऊ.

"ताई, महिन्याआधी एक माणूस येऊन गेला. खोली भाड्याने पाहिजे म्हणे. तुझ्या वहिनीने बसवलं त्याला, चहा-पोहे दिले. अन् मग तो तुझंच विचारून राहिला ना! अमेरिकेतल्या बहिणीचं लग्न कोणत्या घरात झालं, बाबा काय करायचे, तू सवलतीतून इंजिनिअर झाली का. घरी काय काय शिजतं, तेही विचारलं. मागून किराणावाल्याला पण तेच विचारून गेला, ते आज समजलं. कोण होता तो?"

कोण होता, ते शीलाला तिथल्या तिथे कळलं होतं. नंदाच्या नवऱ्याचा, श्रीरामचा, एक मावसभाऊ नागपूरला असतो. तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिने नवऱ्याला, पंडितला, काही सांगितलं नाही. त्याने तेव्हाच श्रीरामला फोन लावून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. मैत्रीला तर मुळीच नाही. मैत्री एका मिनिटात अंगठी काढून ठेवेल, हे शीलाला माहीत होतं. आणि तेच तिला नको होतं. नील चांगला पोरगा होता. पोरीचा संसार सुरू व्हायच्या आधीच मोडायचा, तोही कुणा फुकटचा चहा पिणाऱ्यामुळे? का म्हणून?

चढ संपला. शीला उतरली, सायकल कुंपणाला टेकवली आणि थांबली. बऱ्याच वेळाने नंदा धापा टाकत वर आली.

"मारता का विहीणबाई, लग्नाआधीच?"

"नागपूरला माझ्या माहेरी माणूस कुणी पाठवला?"

नंदा हेल्मेटचा पट्टा सोडत होती. तिचा हात तिथेच राहिला.

"कुठला माणूस?"

"नंदा."

नंदाने हेल्मेट काढून हँडलला अडकवलं. मग ग्लोव्ह काढले. एकेक बोट सोडवत, सावकाश.

"अगं, लग्न म्हटलं की चौकशी करतातच ना थोडी. रीतच आहे. माझ्या भाचीच्या, अनिकाच्या वेळी नाही का, तूच त्या मुलाच्या गावी, आयसेलिनला फोन लावला होतास, त्याच्याबद्दल विचारायला?"

"मुलगा पितो का, एवढं विचारलं होतं मी! त्याच्या आजोबांची जात नव्हती विचारली. आणि चोरून नव्हतं विचारलं. मी कुणाची कोण ते नाव सांगून विचारलं होतं."

"ओरडू नकोस ना, प्लीज."

"इथे कोण आहे ऐकायला? द्राक्षं?"

मळ्याच्या पलीकडच्या टोकाला तोडणीचं यंत्र घरघरत होतं. नंदाने तिकडे एकदा पाहून घेतलं.

"हे बघ शीला, मला माहीतच होतं गं. पहिल्या दिवसापासून. तुमच्या हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो आहे, बुद्धमूर्ती आहे, मी काय आंधळी आहे? मला कधी फरक पडला का? सांग ना. आठ वर्षांत एकदा तरी?"

"नाही ना पडला? मग काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला? मी इथे तुझ्या समोर, दर रविवारी. जे विचारायचं ते मला विचारायचं. आमच्या घरी काय शिजतं ते तुला ठाऊक नाही? तू तर डबे भरून नेतेस!"

नंदाचा चेहरा पडला. खरंच होतं ते. शीलाच्या हातचं सावजी मटण श्रीराम बोटं चाटत खायचा.

"आईंसाठी केलं," ती म्हणाली. आई म्हणजे तिच्या सासूबाई, पुण्याला असतात. "नव्वदीला आल्यात त्या. त्यांना काहीतरी सांगायला नको? चौकशी केली, घर चांगलं आहे, एवढं म्हटलं की गप्प बसतात. तेवढ्यापुरतंच होतं."

"बरं. मग काय उत्तर आलं?"

"चांगलंच आलं!" नंदाला जरा हुरूप आला. "घर एकदम स्वच्छ आहे म्हणाले. सगळे शिकलेले, बोलणं-चालणं छान. अजिबात वाटत नाही म्हणाले."

"काय वाटत नाही?"

नंदा काढलेले ग्लोव्ह पुन्हा हातात चढवायला लागली.

"बोल ना. काय वाटत नाही?"

"मी नाही म्हटलं तसं. ते म्हणाले."

"आणि तू ऐकून घेतलंस. बरं वाटलं तुला. आत्तासुद्धा किती खुशीत सांगितलंस मला! घर स्वच्छ आहे म्हणे. माझी आई रोज पहाटे उठून अंगण झाडायची, ते काय तुमच्या मावसदिराच्या सर्टिफिकेटसाठी?" शीलाचा आवाज फाटला. तिला रडायचं नव्हतं. ह्या बाईसमोर तर नाहीच नाही. तिने बाटली काढली, तोंडावर पाणी मारलं आणि बाहीने पुसलं.

"सॉरी," नंदा म्हणाली. "खरंच सॉरी गं. चुकलं आमचं. पण मुलांना नको सांगूस. मैत्रीला बोलली नाहीस ना अजून?"

म्हणजे काळजी ह्याची होती. शीलाने तिच्याकडे नीट पाहिलं. आठ वर्षं हिच्यासाठी वारा खाल्ला आपण, असं तिच्या मनात आलं, आणि तिला स्वतःचाही राग आला.

"नाही बोलले. आणि मी बोलणारही नाही."

"थँक यू. तू ना, खरंच..."

"तू बोलणार आहेस. नीलशी. आत्ता. फोन लाव."

"आत्ता? ते गाडीत आहेत."

"मग काय झालं? तुझ्या मुलाला सांग, आम्ही काय केलं ते. मला त्याचं ऐकायचंय. तो चिडला ना आईबापावर, तर माझं समाधान होईल. मग मी विषय संपवला म्हणून समज. मैत्रीला कसं सांगायचं ते त्याचं तो बघेल."

हे तिने कालपासून मनाशी धरलं होतं. त्या घरातल्या एकाने तरी, कुणी न सांगता, हे घाण आहे म्हणावं. आणि नील म्हणेल, ह्याची तिला खात्री होती. इथे जन्मलेला, वाढलेला पोरगा. बुद्धपौर्णिमेला त्यांच्या घरी येऊन सगळ्यांबरोबर मेणबत्ती लावून बसला होता. तिला मावशी म्हणायचा. तो 'व्हॉट?' म्हणून ओरडेल, आईला झाडेल, मैत्री शेजारी असली तर तेही ऐकेल, आणि लग्न मोडायची वेळ येणार नाही. तेवढ्यावर सगळं टिकून होतं.

नंदाने फोन लावला. शीलाने हात पुढे करून स्पीकर चालू केला.

"हाय मॉम! ट्वेंटी मिनिट्स. तुम्ही पोचलात?"

"नाही अजून. नील, अरे, एक सांगायचं होतं तुला. ते नागपूरचे काका आहेत ना, त्यांना आम्ही... म्हणजे, मैत्रीच्या मामाकडे ते..."

"ओह, दॅट? डॅड टोल्ड मी लाइक अ मंथ अगो." त्याचा आवाज नेहमीसारखाच मोकळा, हसरा होता. "इट केम बॅक फाइन, राइट? सो वी आर गुड."

नंदाने डोळे मिटून घेतले.

शीला फोनकडे बघत राहिली. महिनाभर. गेल्याच आठवड्यात तो तिच्या टेबलाशी बसून, दुसऱ्यांदा भात मागून घेऊन जेवला होता. ओरडणं सोडाच, त्याला ह्यात लपवण्यासारखंही काही वाटलं नव्हतं. फोनमधून नुसता हायवेचा आवाज येत होता.

"व्हॉट केम बॅक फाइन?"

मैत्री होती. शेजारच्या सीटवर बसलेली.

"नथिंग. आय मीन, इट्स जस्ट अ फॅमिली थिंग, बेब..."

"नील, व्हॉट केम बॅक? नंदाकाकू? मामाकडे कोण गेलं होतं? आई, तू आहेस का तिथे?"

नंदाचा अंगठा लाल बटणाकडे गेला. शीलाने तिचं मनगट धरलं, घट्ट, आणि फोन आपल्या हातात घेतला.

"आहे मी," ती म्हणाली. "त्याला गाडी बाजूला घ्यायला सांग, बेटा. नीलच सांगेल तुला, काय ते. मी पण ऐकतेय."