कुप्यासाठी जन्मलेला पाच

मी एक जुना पाच आहे. होय मित्रांनो, अंकातला साधा पाच. दक्षिण फिलिपिन्समधल्या एका बंदरावर मासे मोजणारी छोटी कचेरी आहे. तिथल्या संगणकात, एका प्रोग्रामच्या ओळीत माझे घर आहे. तुम्ही शाळेत आयतालेख काढताना वर्गांतर ठरवता ना? ते वर्गांतर म्हणजे मी. पाच सेंटिमीटरच्या टप्प्यातले सगळे मासे मी एका खांबात बसवतो.

कचेरीत मोजणीचे काम करणाऱ्या जोव्हेलिनने मला टूनासाठी, म्हणजे आपल्या कुप्यासाठी लिहिले. आधी तिने एक लिहून पाहिला, तर कंगव्याच्या दातांसारखे नुसते खांबच खांब. वीस लिहिला, तर तीन-चार ठोकळे. मग मी आलो आणि चित्र स्वच्छ उमटले. तिचे वडीलधारे सहकारी नोंग आमादो, म्हणजे आमादोदादा, म्हणाले, "आत्ता कसं! हा पाच सोडू नकोस हं." माझ्या अंगावर मूठभर मांस चढले.

पुढे कुप्याहून कितीतरी लहान असलेली तारली मोजायची वेळ आली. खाडीत पिल्ले फार असतील, तर दोन महिने जाळी बंद ठेवायची, असे गावात ठरत होते. सभा तोंडावर आली होती. जोव्हेलिनने घाईघाईने जुनाच प्रोग्राम उचलला आणि त्यात तारलीची मापे भरली. माझ्याकडे तिने पाहिलेही नाही.

मित्रांनो, पुढचे सांगताना मान वर होत नाही. अकरा सेंटिमीटरची पिल्ले आणि चौदाची वाढलेली तारली, दोन्ही मी दहा ते पंधराच्या एकाच खांबात कोंबली. "एकच टोळी आहे, मोठी झालेली," जोव्हेलिनने सभेत सांगितले. बंदी टळली. सुकी मासळी विकणाऱ्या मानांग क्लारिताने, म्हणजे क्लारिताताईने, सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या. मला मात्र तोंड लपवायला जागा नव्हती.

पुढच्या हंगामात जाळी रिकामी आली. क्लारिता कचेरीत येऊन उभी राहिली.

"काय गं पोरी, तुझ्या चित्रात तर सगळे मोठे होते!"

"मानांग, बसा ना. कॉफी घेता?"

"कॉफीबरोबर खायला तारली कुठाय? वाळवणाची जागा रिकामी पडलीय माझी. थोरली गेली शहरात, लोकांची धुणीभांडी करायला. शाळा सोडून."

ती गेल्यावर जोव्हेलिनने तो आयतालेख पुन्हा उघडला. बराच वेळ ती माझ्याकडे पाहत राहिली. मग मला खोडून तिने अर्धा सेंटिमीटर लिहिला. एका खांबाच्या जागी दोन उंचवटे उभे राहिले, एक अकरावर, एक चौदावर.

"नोंग, निम्मी पिल्लंच होती हो!" ती रडू लागली. "मी कुप्याचं माप लावलं त्यांना."

"मग हे गावाला तूच सांग," नोंग आमादो म्हणाले.

तिने सांगितले, भर सभेत, क्लारितासमोर. या वर्षी जाळी बंद आहेत. थोरली अजून परतलेली नाही.

जोव्हेलिनने मला मात्र टाकून दिले नाही. संगणकाने वाचू नये अशी खूण करून, खाली एका ओळीत तिने मला ठेवले आहे: "हा पाच कुप्याचा. तारलीला लावू नये." संगणक मला ओलांडून पुढे जातो. तुम्ही तसे करू नका. दुसऱ्या कामातला अंक उचलाल, तेव्हा क्षणभर थांबा आणि तो कोणासाठी लिहिला होता ते विचारा. मला त्या दिवशी कोणी एवढे विचारले असते, तर क्लारिताची मुलगी आज शाळेत असती.