जरा आशावादी बर्फ

"आडपडदा न ठेवता बोलणारी माणसं देवानं अख्ख्या हॉलंडात एकाच ठिकाणी घडवली, ती इथं, ग्रोनिंगनच्या चिखलात!" आल्ड्रिक वीर्सेमानं स्केटिंग मंडळाच्या खोलीतल्या टेबलावर मूठ आपटली. "कुणी चुकलं, की आम्ही तोंडावर सांगतो. लिहा बाई, हे लिहून घ्या."

वृत्तपत्रातून आलेली फेना लिहू लागली. मध्येच तिनं कॉफीचा घोट घेतला आणि कपात डोकावून पाहिलं.

"आज जरा हलकी झालीय का?"

"किंचित," वुब्बो म्हणाला. त्याचा तिसरा कप चालू होता.

मंडळाची चिटणीस खेस्के उठली, तिनं किटलीचं झाकण उचललं, आत पाहिलं. किटलीत कॉफी नव्हतीच. आल्ड्रिकनं सकाळी पाणी उकळलं होतं आणि पुडीचा डबा न उघडता तसाच फळीवर ठेवला होता. सहा माणसं अर्धा तास गरम पाणी पीत बसली होती, त्यातली दोघं साखर घालून.

"हलकी आहे," खेस्केनं झाकण लावलं, "पण चालून जाते."

आल्ड्रिक एकतीस वर्षं गावच्या स्केटिंग मंडळाचा बर्फमुकादम होता. हिवाळा लागला की वुब्बोच्या कुरणात पाणी सोडायचं, ते गोठू लागलं की रोज गिरमिटानं भोक पाडून जाडी मोजायची, आणि सात सेंटिमीटर भरले की निशाण चढवायचं. निशाण चढलं की अख्खं गाव बर्फावर. कुरणाच्या मधून जुना पाट जात होता. तिथं बर्फ फुटला तर मोठा माणूस गळ्यापर्यंत आत जाई. लहान मुलांचं बोलायलाच नको. म्हणून मुकादमाचा शब्द अखेरचा. आल्ड्रिकला या शब्दापेक्षा मोठं काही मिळालं नव्हतं. लग्नात सासरे त्याच्याकडे बघून "याहून वाईट मिळाला असता" म्हणाले होते तेव्हा त्याचे डोळे पाणावले होते, पण ती गोष्ट निराळी.

यंदा शेजारच्या गावाचं निशाण अजून चढलं नव्हतं, आणि आल्ड्रिकला त्याआधी आपलं चढवायचं होतं. बाहेर कुरणाच्या काठावर चाळीसेक मुलं गळ्यात स्केट्स अडकवून उभी होती. आल्ड्रिकनं गिरमिट फिरवलं, भोकात मोजपट्टी घातली, डोळे बारीक केले.

"सात!"

फेनानं फोटो काढला.

वुब्बोनं काठावरून एक पाय बर्फावर टेकवला. तिथून थेट पलीकडच्या पॉपलरच्या झाडांपर्यंत कर्रकन आवाज गेला.

"बोलका आहे आज," वुब्बो म्हणाला आणि पाय हळूच परत घेतला.

खेस्के वाकून मोजपट्टीकडे बराच वेळ बघत राहिली. "सात," ती म्हणाली. "हं. सात हा तसा बरा आकडा."

आल्ड्रिकनं निशाणाची दोरी हातात घेतली. मुलं स्केट्स बांधायला खाली बसली.

"बर्फ आज जरा आशावादी वाटतोय, नाही?" खेस्के म्हणाली. त्याच्याकडे न बघता, आभाळाकडे बघून.

दोरीवरचा हात थांबला. वाक्य त्याचंच होतं.

एकतीस वर्षांपूर्वी, याच काठावर, म्हातारा मुकादम सीर्ट हीच दोरी धरून उभा असताना आल्ड्रिकनं ते म्हटलं होतं. दोन दिवस घोकून. सीर्ट "चष्मा घेऊन येतो," म्हणून घरी गेला तो आलाच नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं गिरमिट कागदात गुंडाळून आणून दिलं. सीर्ट आपण होऊन निवृत्त झाला असं गाव आजवर सांगत आलं. आल्ड्रिकही तेच सांगत आला, आणि सांगता सांगता त्याला ते खरंही वाटू लागलं होतं.

आता त्याला कळलं, सीर्ट त्या दिवशी चष्मा आणायला जाऊन परत का आला नाही. ही माणसं आल्ड्रिकला ढकलत नव्हती. चूक कबूल करायचं शेवटचं वाक्य त्यांनी त्याच्यासाठी राखून ठेवलं होतं, इतकंच. आणि त्यानं ते म्हटलं नसतं, दोरी ओढली असती, तर? तर कदाचित आणखी एकदा कुणी 'जरा' म्हटलं असतं. तेवढ्यात मुलं पाटापर्यंत पोचली असती.

चष्मा त्याच्या खिशातच होता. फोटोसाठी काढून ठेवलेला. त्यानं तो लावला आणि पुन्हा वाकला.

"चार," तो मोठ्यानं म्हणाला. "चार आहेत. मी चुकलो. साफ चुकलो. मुलं बुडाली असती!"

सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. भर दिवसा, बायकामुलांसमोर असं बोलणं त्या काठावर कुणी ऐकलं नव्हतं. फेनाचं लिहिणंही थांबलं.

"एवढं टोकाचं कशाला बोलतोस, बाबा," वुब्बो खाकरला. "थोडं ओलं झालं असतं."

मुलं कुरकुरत स्केट्स सोडू लागली. आल्ड्रिकनं गिरमिट पुसलं आणि दोन्ही हातांनी खेस्केपुढं धरलं.

"खेस्के, एकतीस वर्षं या गावानं माझ्या शब्दावर पाय टाकला. आज तो शब्द मी तुझ्या हवाली करतोय. बर्फाला माणसाची लाज नसते, पण माणसानं बर्फापुढं..."

खेस्केनं गिरमिट घेतलं, काखेत धरलं.

"याहून वाईट झालं असतं, आल्ड्रिक," ती म्हणाली. "एकतीस वर्षं."

आल्ड्रिकनं चष्मा काढला आणि उगाच पॉपलरांकडे बघत राहिला. सासऱ्यांनंतर इतकं कौतुक त्याचं कुणी केलं नव्हतं.

"आणि आत जातोच आहेस तर किटली पुन्हा ठेवशील?" खेस्के म्हणाली. "जमलं तर या वेळी थोडी कॉफी घाल."