आखूड दस्ता

वर्षश्राद्धाची खीर अजून वाट्यांत होती आणि पुरुषमंडळींनी गुरुनाथच्या बंदुका वाटून घ्यायला सुरुवातही केली होती.

वसुधाने हे स्वयंपाकघरातून पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सकाळी देवळातले गुरुजी येऊन गेले होते. पिंड झाले, परसात कावळ्यासाठी पान ठेवून झालं. टेक्ससमधल्या शुगर लँडच्या त्या परसात लांब शेपटीचे काळे पक्षी उतरले आणि वडा उचलून पळाले. पितरांना एवढं पुरे, असं गुरुजींनीच जाहीर केलं. मग हात धुऊन मंडळी जेवायला बसली आणि शेवटचा वडा पोटात जायच्या आत ओजस उठून तिजोरीकडे गेला.

ओजस म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा. अ‍ॅशबर्नला असतो, डेटा सेंटरमध्ये मोठ्या पदावर आहे. श्राद्धासाठी विमानाने आला होता आणि येताना आईचं पुढचं सगळं आयुष्य ठरवूनच आला होता. घर विकायचं, आईने अ‍ॅशबर्नला यायचं, तिच्यासाठी बेसमेंट तयार आहे. आणि बंदुका? त्या शंतनू घेईल. तिजोरीचा आकडा त्याला पाठ होता, कारण तो त्याच्याच वाढदिवसाचा होता. आईला विचारावं असं त्याच्या मनातही आलं नाही.

"आई, तू बस गं, आम्ही बघतो," म्हणत त्याने तीन रायफली काढून जेवणाच्या टेबलावर मांडल्या. आमसुलाच्या चटणीचं भांडं त्यासाठी बाजूला सरकवलं.

शंतनू हा गुरुनाथचा पुतण्या. प्लेनोला राहतो, आयटीत आहे, उंच, धिप्पाड आणि बोलका. आयुष्यात त्याने एक हरीण मारलेलं नव्हतं, पण यूट्यूबवर त्याने सगळं टेक्सस पालथं घातलं होतं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला हेमचंद्र बसला होता, गुरुनाथचा तीस वर्षांपासूनचा मित्र, तेल कंपनीतून निवृत्त झालेला इंजिनियर. त्याने आपली वाटी निपटून चाटली आणि चष्मा पुसला.

"काकू, थ्री हंड्रेड मॅग्नम मी घेतो हं," शंतनू म्हणाला. "नीलगायला तेच लागतं. डियरला टू फॉर्टी थ्री इज इनफ, हॉगला थ्री-ओ-एट, पण नीलगाय म्हणजे टँक आहे यार, तिला मॅग्नमच पाहिजे. काका नेहमी म्हणायचे ना, वजन बघून डोस द्यायचा! काय माणूस होता!"

वसुधाने हातातली पळी ओट्यावर आपटली. कोणी वळून पाहिलं नाही.

डोस! गुरुनाथ हृदयाचा डॉक्टर होता. आयुष्यभर वजन बघून डोस दिला तो वसुधाने. ती भूलतज्ज्ञ होती. ऑपरेशनच्या टेबलावरच्या माणसाला किती वजनाला किती औषध, हे ती झोपेतही सांगू शकली असती. हरणाला टू फॉर्टी थ्री, डुकराला थ्री-ओ-एट, रोह्याला थ्री हंड्रेड, हे वाक्य तिचं होतं. विदर्भात तिच्या माहेरी नीलगायीला रोही म्हणत, आणि इथे दक्षिण टेक्ससमध्ये मोकाट फिरणारे तेच रोही पाहून ती पहिल्यांदा हसली होती. तिथून गाडीने घरी येताना तिने गुरुनाथला हे सगळं समजावलं होतं. आवडतं कॅलिबर असं काही नसतं, समोर कोण उभा आहे ते बघायचं आणि त्याला कळायच्या आत सगळं संपेल एवढं द्यायचं. कमी दिलं तर तो तडफडत झुडपात जातो. जास्त दिलं तर आपलाच खांदा घाबरतो, नेम चुकतो, आणि तो पुन्हा तडफडत झुडपातच जातो. गुरुनाथने ते ऐकलं, लक्षात ठेवलं आणि पुढच्या गणपतीत मंडळाच्या जेवणावळीत जसंच्या तसं ऐकवलं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

आणि बिळही एक नव्हतं. हॉलच्या भिंतीवर रोह्याचं मुंडकं टांगलेलं होतं, आखूड काळ्या शिंगांचं. त्याच्याखाली आज गुरुनाथचा हार घातलेला फोटो होता. आलागेला त्या मुंडक्याकडे बघायचा आणि गुरुनाथला म्हणायचा, "काका, तुम्ही?" गुरुनाथ नुसता हसायचा. पुढेपुढे हसणंही थांबलं आणि गोष्ट सुरू झाली. वारा कुठून होता, रोही कसा आडवा उभा होता, चाप कसा दाबला. काकू चिवड्याच्या बश्या फिरवत तीच गोष्ट ऐकायची, तोंडात मिठाची गुळणी धरून.

गुरुनाथने आयुष्यात एकही जनावर मारलं नव्हतं. दुर्बिणीतून हरणाचा डोळा दिसला की त्याचा हात थरथरायचा. वसुधाचा नाही थरथरायचा. या घरातलं प्रत्येक हरीण, प्रत्येक रानडुक्कर आणि भिंतीवरचा तो रोही वसुधाने पाडला होता. नवऱ्याने दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवली असं आपण सहज म्हणतो. इथे खांदा खरोखरचा होता आणि तो पाच फूट एक इंच उंचीच्या बाईचा होता.

"सांग ना एकदा लोकांना," ती त्याला म्हणायची. "सांगतो, पुढच्या गणपतीला सांगतो," तो म्हणायचा. गणपती आले आणि गेले. शेवटी तोही गेला.

आता येत्या जानेवारीत तिने दक्षिणेच्या रँचवर रोह्याची शिकार ठरवली होती. एकटीने. वर्ष झालं की जायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. वर्षभर त्या एका गोष्टीवर तिने दिवस ढकलले होते. आणि ज्या रायफलीने जायचं ती आता शंतनूच्या हातात होती.

त्याने ती टेबलावरून उचलली, बोल्ट न उघडता, आतमध्ये काडतूस आहे की नाही हे न बघता, आणि नळी हेमचंद्रच्या छातीवरून, ओजसच्या पोटावरून फिरवत खिडकीकडे नेली.

"बोल्ट उघड!" वसुधा ओरडली.

"रिकामी आहे काकू, रिलॅक्स."

"रिकामी आहे हे तुला कोणी सांगितलं? आधी बोल्ट उघड!"

"आई, प्लीज," ओजस म्हणाला. "आजच्या दिवशी आवाज नको चढवूस. याला माहितेय सगळं."

शंतनूने हसत बोल्ट उघडला, बंद केला आणि रायफल खांद्याला लावली. लावली खरी, पण बसेना. त्याचा अंगठा नाकावर आदळला, मान आखडली, डोळा दुर्बिणीला जवळजवळ चिकटला. त्याने खांदा मागे घेतला, पुढे केला, पाय फाकवले. सहा फुटी माणूस लहान पोराच्या सायकलवर बसल्यासारखा दिसत होता.

"अरे, हे काय?" तो म्हणाला. "दस्ता केवढा शॉर्ट आहे! काका तर माझ्याएवढे उंच होते. असं कसं शूट करायचे?"

ओजसने खांदे उडवले. वसुधा हेमचंद्रकडे बघत राहिली.

हेमचंद्रला माहीत होतं. त्या दिवशी रँचवर पिकअप तोच चालवत होता. वसुधा गवतात पालथी पडली होती आणि गुरुनाथ तिच्या मागे गुडघ्यांवर बसून श्वास रोखून होता, हे त्याने काचेतून पाहिलं होतं. रोही पडल्यावर पहिल्यांदा टाळी त्यानेच वाजवली होती. "वहिनी, मानलं तुम्हाला!" हे त्याचे शब्द होते. गणपतीतल्या प्रत्येक जेवणावळीत त्या गोष्टीच्या वेळी तो आपल्या ताटात बघत बसायचा. वसुधाला वाटलं, निदान आज तरी हा माणूस तोंड उघडेल. मित्र गेला, आता कोणाची भीड?

हेमचंद्रने घसा खाकरला. "गुरुनाथने सेकंडहँड घेतली असेल," तो म्हणाला. "कोणा बुटक्या माणसाची. त्याची सवय झाली असेल त्याला."

"ओके," शंतनू म्हणाला. "नो प्रॉब्लेम. नवा दस्ता बसवून घेतो. हा फेकून देऊ."

वसुधाला पुढचं आठवतं ते असं, की पळी तिच्या हातातच होती आणि ती हॉलच्या मध्यभागी उभी होती.

"फेकून देतोस? दे इकडे ती."

"काकू, जड आहे..."

"दे म्हणते ना!"

शंतनूने दिली. वसुधाने पळी ओजसच्या हातात कोंबली, बोल्ट उघडला, आत बोट घालून बघितलं, बंद केला, नळी परसाच्या बाजूला वळवली आणि रायफल खांद्याला लावली. दस्ता खांद्याच्या खळीत बसला, गाल लाकडावर टेकला, डोळा दुर्बिणीपासून हवा तेवढाच लांब राहिला. तिला मान हलवावी लागली नाही. साडीचा पदर तेवढा मध्ये आला, तो तिने कोपराने सारला.

तिघांनी पाहिलं. काही सांगायची गरज उरली नव्हती, पण वसुधाला सांगायचंच होतं. एवढी वर्षं थांबून आता गरजेपुरतं बोलायला ती तयार नव्हती.

"ही माझी आहे," ती म्हणाली. "त्या दोनही माझ्याच. आणि ते भिंतीवरचं तेही माझं. वजन बघून डोस द्यायचा हे मी म्हणाले होते. शंतनू, उंटावरून शेळ्या हाकायच्या असतील तर प्लेनोला बसून हाक, माझ्या टेबलावर नको. आणि तू, ओजस. बाप जाऊन वर्ष झालं, आई अजून जिवंत आहे. तिची तिजोरी उघडताना तिला विचारायचं असतं."

"आई, काय बोलतेयस?" ओजसचा चेहरा उतरला. "बाबा इतकी वर्षं खोटं बोलत होते? आणि हे तू आज सांगतेस? त्यांच्या श्राद्धाला?"

"हो, खोटं बोलत होता. आणि आज नाही तर कधी सांगू? उद्या ती शंतनूच्या गाडीत गेली असती."

"वहिनी, चुकलं," हेमचंद्र हळूच म्हणाला. "अहो, पण गुरुनाथसमोर, चारचौघांत... कसं बोलायचं?"

"भावजी, माझ्यासमोर मात्र तुम्हाला खुशाल बोलता आलं. आत्ताच. बुटका माणूस म्हणालात." तिने रायफल खाली घेतली. "माफी मला नका मागू. गणपतीत मागा. मंडळात, माईकवर. जिथे तो सांगायचा तिथे."

हेमचंद्रने मान खाली घातली. त्याच्यासमोर रिकामी वाटी होती, तिच्यात तो बघत राहिला. शंतनूने गुपचूप टेबलावरच्या दोन्ही रायफली उचलल्या. या वेळी त्याने आधी बोल्ट उघडले. त्या तिजोरीत ठेवून तो परत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

ओजस मात्र आईच्या हातातल्या रायफलीकडे बघत होता. दस्त्याच्या टोकाला, रबर बसवलंय तिथे, लाकडाचा रंग थोडा वेगळा होता. कोणीतरी करवतीने कापून, कानशीने घासून, घरच्या घरी तेल लावलं होतं. एका कडेला करवत जराशी घसरलेली दिसत होती.

"हा दस्ता कोणी कापला?" त्याने विचारलं.

वसुधा भिंतीवरच्या फोटोकडे वळली आणि तिचा राग, जो एवढा वेळ या तिघांवर वाटला जात होता, तो सगळा गोळा होऊन एका माणसावर गेला.

"तुझ्या बाबाने," ती म्हणाली. "ही त्याने स्वतःसाठी घेतली होती, स्वतःच्या मापाची. केवढा मिरवत आणली होती! रेंजवर दोन गोळ्या झाडल्या आणि खांदा काळानिळा करून घरी आला. मग रोह्याला जायचं ठरलं. मला ती लांब होत होती, दस्ता काखेत अडकायचा. एका रविवारी गराजमध्ये मला उभी केली, हात लांब कर म्हणाला, पेन्सिलीने खूण केली, आणि कापला. कापल्यावर ती त्याला पुन्हा कधी खांद्याला लावता येणार नव्हती. ते त्याला पक्कं माहीत होतं. मी म्हटलं, अरे, विचार कर. तर म्हणाला, विचार केलाय, ही आता तुझी."

डोळे पुसायला तिचे हात मोकळे नव्हते आणि तिला ते पुसायचेही नव्हते.

"एवढी महागाची रायफल माझ्यासाठी करवतीने कापता आली याला," ती फोटोकडे बघून म्हणाली. "एक वाक्य बोलता आलं नाही. चार माणसांत. एक वाक्य!"

वसुधाने रायफल तिजोरीत नेऊन ठेवली, दार लावलं आणि कुलपाचा आकडा बदलला. ओजसने नवा आकडा विचारला नाही.