मीटरबाईची आई

छापखान्यात तिला सगळे मीटरबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून ती त्यावर खूषही होती. छपाईच्या धंद्यात दोन माणसांचं एका रंगावर कधी एकमत होत नाही, हे तिने वर्षानुवर्षं पाहिलं होतं. एकाचा लाल तो दुसऱ्याचा विटकरी. प्रकरण हमरीतुमरीवर आलं की हिला बोलावणं जायचं. मग ही यायची, वाटीएवढं मीटर मॉनिटरच्या काचेवर टेकवायची, पडद्यावर एकामागून एक रंग झळकायचे, मीटर ते मोजायचं आणि जिथे फरक असेल तिथे ही दुरुस्ती करायची. वर ऐकवायची, "डोळ्यांचं काय ऐकता? डोळे महा लबाड. मीटरला विचारा!"

बरं, हे वेड छापखान्यापुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण गेल्या खेपेला ही आईबाबांना भेटायला दुसऱ्या गावी गेली, तीसुद्धा मीटर घेऊन. चपला काढते न काढते तोच त्यांच्या कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून बसली.

"ठकी, अगं पाणी तरी पी आधी," आई म्हणाली. घरात ती अजून ठकीच होती.

"आई, तुमचा मॉनिटर निळसर आहे."

"असू दे की. माझं काय अडलंय त्यावाचून?"

पण ऐकेल तर शपथ! तासभर खटपट करून तिने तो पडदा पार सुतासारखा सरळ केला तेव्हा कुठे चहाला हात लावला. बाबा म्हणाले, "बाई गं, आता जरा माझ्याकडेही बघ. माझा रंग बरोबर आहे ना?" त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की त्यांना कुठलं तरी तातडीचं काम आठवायचं.

दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल ठरलेला. अशाच एका रविवारी आई समोर येऊन बसली आणि मीटरबाईला ती पिवळट वाटली. दुसरी कुठलीही मुलगी असती तर म्हणाली असती, आई, बरं नाही का गं तुला? पण ही पडली मीटरबाई. तिने हिशेब मांडला. इथला पडदा तपासलेला. तिथला पडदा मी स्वतःच्या हाताने तपासलेला. मग उरला कोण? कॅमेरा! चोर सापडला म्हणून ती चक्क खूष झाली.

"आई, हलू नकोस हं," ती म्हणाली. दुरूनच आईबाबांच्या कॉम्प्युटरचा ताबा घेतला, कॅमेऱ्याचं आपोआप रंग ठरवणं बंद केलं आणि एक पट्टी हळूहळू निळ्याकडे सरकवत नेली. पिवळेपणा ओसरला. आईचा चेहरा तिच्या आठवणीतल्यासारखा झाला तेव्हा ती थांबली.

"आता कशी दिसतेस! हा खरा तुझा रंग."

आईला स्वतःची छबी कोपऱ्यातल्या चौकटीत दिसायची. तिने त्यात वाकून पाहिलं, कपाळावरची बट मागे सारली. "खरंच गं. बरी दिसतेय की मी," ती म्हणाली, आणि किती तरी वेळ त्या चौकटीकडेच बघत राहिली.

पुढच्या रविवारी पुन्हा तोच प्रकार. "कॅमेराच भिकार आहे मेला," म्हणत तिने पट्टी आणखी सरकवली. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी थोडी. आई सांगत होती, अंगाला खाज सुटते, नवा साबण बाधला बहुतेक. जेवण नको वाटतं. मीटरबाई हूं हूं करत होती आणि लक्ष सगळं पट्टीवर. मध्येच बाबा मागून डोकावले तर त्यांचे पांढरेशुभ्र केस आभाळी रंगाचे!

"बाबा, केसांना नीळ घालता की काय?"

"तुझी आई चादरींबरोबर मलाही भिजत घालते," बाबा म्हणाले. तिघंही पोट धरून हसली. असे दीड महिन्याचे रविवार गेले.

मग एका बुधवारी भर दुपारी छापखान्यात एक फोटोग्राफर तणतणत आला. शर्टांच्या जाहिरातीचे छापील कागद त्याने तिच्या टेबलावर आपटले. पांढरे शर्ट सगळे निळसर.

"तुमचा मॉनिटर चुकलाय! माझं गिऱ्हाईक माझ्या अंगावर धावून आलंय, त्याला मी काय तोंड दाखवू?"

मीटरबाईने मीटर लावलं. मॉनिटरमध्ये काडीची चूक नव्हती. "मला सांगा," ती म्हणाली, "फोटोतला पांढरा तुम्ही ठरवलात कशावरून? रंग जुळवायचं राखाडी कार्ड धरलं होतं का फोटोत?"

"कार्ड कशाला? इतकी वर्षं काय गवत उपटतोय मी? शर्ट घातलेला पोरगा फोटोत पिवळट येत होता. त्याचा चेहरा बरोबर दिसेपर्यंत निळा चढवला."

आता मात्र तिचं टाळकं सटकलं. "चेहऱ्यावरून? अहो, चेहरा हे काय माप झालं? माप तेच, जे बदलत नाही! चेहऱ्याचा काय भरवसा? उन्हात रापतो, लाजला की लाल होतो, आजारी पडला की पि..."

आणि तिने हातातलं मीटर खाली ठेवलं.

फोटोग्राफर भांडायच्या पवित्र्यात उभा होता, तो चपापला. "बाई? काय झालं? पाणी आणू का?"

तिने मानेनेच नाही म्हटलं. तिच्या डोळ्यांपुढे बाबांचे निळे केस आले. तिने बाबांना फोन लावला.

"आज कसा काय? वार चुकला का?" बाबांनी विचारलं.

"बाबा, कॉम्प्युटर लावा. आईला समोर बसवा."

"झोपलीय गं ती."

"दुपारी? आई?" तिच्या आईने उभ्या जन्मात दुपारी पाठ टेकली नव्हती. "उठवा तिला, बाबा. येताना एक कोरा कागद आणा."

आई आली, पदर सावरत, कुरकुरत. तिने कागद गालाशेजारी धरला. पडद्यावर आई छान दिसत होती आणि कागद निळा. मीटरबाईने पट्टी उलटी सरकवायला घेतली. या वेळी तिने आईच्या चेहऱ्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं, नजर कागदावर. कागद फिका निळा झाला, मग करडा, मग पांढरा. तिथे ती थांबली. मग तिने आईकडे पाहिलं.

आई पिवळीधमक होती. डोळ्यांतलं पांढरंसुद्धा पिवळं होतं.

"अगं बाई!" आईने कोपऱ्यातल्या चौकटीत पाहिलं. "पुन्हा बिघडला वाटतं तुझा कॅमेरा."

"नाही आई. कॅमेरा चांगला आहे," ती म्हणाली. "बाबा, आत्ताच्या आत्ता हिला दवाखान्यात न्या. मी निघतेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी तिघांनाही नीट समजावलं. पित्ताचा खडा नळीत येऊन अडकला होता, म्हणून ही कावीळ. आता तिथे पू व्हायला लागला होता. तोंडावाटे नळी घालून खडा आजच काढायचा. "घाबरू नका," त्या म्हणाल्या, "पण आणखी आठवडाभर काढला असतात तर माझ्या हातात फारसं काही उरलं नसतं. पिवळं केव्हापासून दिसतंय?"

"कालपासून," बाबा म्हणाले.

"कालपासून? शक्यच नाही. रिपोर्ट तसं सांगत नाहीत. नीट आठवा, मला कळायला हवं."

मीटरबाई गप्प राहिली असती तर कुणाला कळणारही नव्हतं. बाबांना दिसत नव्हतं, आईने तर साबणावर खापर फोडलं होतं. तिने खालमानेने सांगितलं, "दीड महिना. मला दिसलं होतं. मला वाटलं कॅमेरा बिघडलाय, म्हणून मी रंग बदलून टाकला. दर आठवड्याला थोडा थोडा."

डॉक्टरीणबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्या तयारीला गेल्या. लगेच आईला नेलं; तोवर आईच्या चेहऱ्याकडे पाहायची तिला छातीच झाली नाही.

बाहेरच्या बाकावर बाबा तिच्या शेजारी बसले होते. ते ओरडतील, निदान दोन शब्द सुनावतील, म्हणून ती अंग चोरून बसली होती. ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ते एवढंच म्हणाले, "मी रोज तिच्या समोर बसून जेवतो. मला कुठे दिसलं? उद्याच्या उद्या या डोळ्यांचं बघायला सांगतो त्यांना." मग त्यांनी तिचा हात आपल्या हातात घेतला.

खडा निघाला. ताप उतरेपर्यंत आठवडाभर इथेच राहावं लागेल, पण धोका टळला, असं डॉक्टरीणबाई सांगून गेल्या. संध्याकाळी आईला चांगली जाग आली. बाबा चहा प्यायला खाली गेले होते. मीटरबाई खुर्ची ओढून पलंगाशी बसली. रात्रभर जुळवलेली वाक्यं एकही वेळेवर आठवेना.

"आई, मी काय करून बसले गं! तू डोळ्यांदेखत पिवळी पडत होतीस, आणि मी..."

"पुरे," आई म्हणाली. आवाज खोल गेला होता, पण दटावणं जागच्या जागी होतं. "तुला एकटीलाच दिसत होतं का? मलाही दिसत होतं. आरशात."

मीटरबाईने मान वर केली. "मग बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. पहिल्या रविवारी मुद्दाम जरा लवकर येऊन बसले होते. म्हटलं, ह्यांना काही दिसत नाही, ठकीला दाखवावं, तिला रंगातलं कळतं. आणि तू काय ते सरकवलंस आणि म्हणालीस, हा खरा तुझा रंग. चौकटीत पाहिलं तर मी खरंच चांगली दिसत होते." आईने दम घेतला. "मग मी घरी आरसाच बघायचा सोडला. म्हटलं, जुना झालाय, काच खराब झाली असेल. माझी पोर खोटं कशाला सांगेल?"

मीटरबाईने आईच्या तळव्यात तोंड खुपसलं आणि शेजारच्या पलंगांवरची माणसं वळून बघेपर्यंत ती हुंदके देऊन रडली.