सासूबाई न्यायला आल्या

दार उघडलं आणि मंजिरीच्या हातातलं लाटणं गळून पडलं. समोर सुहासिनीबाई उभ्या होत्या, तिच्या सासूबाई.

भंवरकुआं भागातल्या त्या गल्लीत मंजिरी कॉलेजच्या मुलांच्या मेससाठी पोळ्या लाटायची. इथं आपल्याला कुणी ओळखत नाही, असं तिला वाटत होतं. मिल बंद पडली आणि तिचा नवरा स्वानंद घरी बसला. आधी खोकला, मग रक्त. आजारी माणसाच्या त्या खोलीत मंजिरीचा जीव गुदमरायला लागला. अशातच शेजारचा धनेश सुरतेला चल म्हणाला, आणि ती निघून गेली. स्वानंद गेल्याचं तिला तिकडे कळलं होतं. तरी ती आली नाही. पुढं धनेशनंही तिला टाकलं, तेव्हा तिच्या पोटात त्याचं मूल होतं. ती परत आली, पण घरी न जाता शहराच्या या टोकाला राहिली.

सासूबाईंनी हात उचलला तशी मंजिरीनं डोळे मिटून घेतले. पण त्यांनी नुसता घाम पुसला.

"तुला कुणीतरी इथं बघितलं, म्हणून आले. आटप, घरी चल."

मंजिरीला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं.

"आई, तुम्हाला कळतंय का मी काय केलंय?"

"मला नाही कळणार तर कुणाला? मुलगा माझा गेला."

"जाताना ते... माझं नाव घेतलं त्यांनी?"

"नाही. खोटं कशाला सांगू?" सुहासिनीबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. "तुझं वाटोळं व्हावं म्हणून मी रोज प्रार्थना करत होते. अगदी गुडघे टेकून. गेल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाचा द्राक्षारसाचा पेला हातात आला आणि माझ्यानं तो तोंडाला लावेना. ज्या प्रभूचं रक्त माझ्या पापांसाठी सांडलं, त्याच्यासमोर मी तुझं रक्त मागत होते. पेला तसाच पुढे दिला. चर्चच्या सगळ्या मंडळीनं बघितलं."

"पण मला क्षमा कशी होईल?"

"मला झाली तशी. मी प्रभूशी एवढी बेइमानी केली, तरी त्यानं माझा हात सोडला नाही. आता मी तुझा सोडू म्हणतेस? राग आहे मला, मंजिरी. तरी चल."

मंजिरीनं पदर बाजूला केला आणि आपलं पोट दाखवलं. हे बघितल्यावर तरी त्या उठून जातील.

सुहासिनीबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मग उठल्या आणि बाहेर निघून गेल्या. मंजिरी पुन्हा पोळपाटापाशी बसली, पण हात चालेनात.

थोड्या वेळानं बाहेर टेम्पोचा आवाज आला. "चल लवकर," सासूबाई दारातून ओरडल्या. "अशा अवस्थेत पायी कशी येशील?"

मंजिरीला रडूही आलं नाही. झटका बसल्यासारखी ती उठली आणि हाताला पीठ तसंच घेऊन टेम्पोत बसली.

घराजवळ, स्नेहलतागंजात दोघी उतरल्या तेव्हा पानवाला टपरीतून वाकून बघायला लागला. "मौसी, ये तो वोही है ना?"

"हाँ भिया, वोही है. बहू है मेरी."

दिवस काही सोपे गेले नाहीत. सुहासिनीबाई कधी दिवसभर अबोला धरायच्या, कधी भांडी आदळायच्या. पण ताट दोघींचं वाढायच्या. एका संध्याकाळी प्रार्थनेला बसल्यावर मंजिरीच्या तोंडून एकदम निघालं, "प्रभू, मी त्यांना मरायला सोडून गेले." पुढं तिला बोलताच येईना. सुहासिनीबाई ऐकून हादरल्या, तरी सरकून तिच्या शेजारी बसल्या, आणि मग दोघी पोटभर रडल्या.

मुलगी झाली. तिचं नाव उर्वी ठेवलं. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळकसाहेबांनी विचारलं, "वडलांचं नाव काय सांगू?" मंजिरीनं मान खाली घातली.

मागच्या बाकावरून सुहासिनीबाई उठल्या, पुढे आल्या आणि बाळाला आपल्या हातात घेतलं.

"वडलांचं राहू द्या, साहेब. सुहासिनीची नात म्हणा."

पाळकसाहेब गोंधळून मंजिरीकडे बघायला लागले. ती मात्र सासूबाईंकडे बघत होती, तोंड उघडं टाकून, जणू या बाईला आजच पहिल्यांदा बघतेय.