आधी स्तुती, मग आकडा

रविवारची उपासना आटोपली आणि दुपारच्या कीर्तनासाठी चर्चमध्ये सतरंज्या पडू लागल्या, तेव्हा माझी लेक प्रार्थना पुढच्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसली होती. चेहरा असा, की पेटीवालाही लांबून वळून गेला.

आज सॅम पहिल्यांदा कीर्तनाला उभा राहणार होता. सॅम माझ्या थोरल्या बहिणीचा, गोजरआक्काचा मुलगा. त्याच्या वडिलांची कीर्तनं ऐकायला नेवाशाच्या आसपासची माणसं बैलगाडीनं यायची. ते प्रभूघरी गेल्यावर आक्कानं त्यांच्या चिपळ्या फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. त्या तिनं आता सॅमच्या हाती दिल्या, आणि नेमकं त्याच महिन्यात तिचं खुब्याचं हाड मोडलं. सोनईला खाटेवर पडून होती. लेकाचं पहिलं कीर्तन, आणि आई दूर!

"व्हिडिओ कॉल लावा की," जो तो सांगत होता. तालमीला लावून पाहिला होता. फोन माणसाचं बोलणं तेवढं ठेवतो, पेटी आणि झांज गोंगाट समजून गाळून टाकतो. आक्का पलीकडून माझ्यावर ओरडली होती, "थॉमस, सूर न्हाई, ताल न्हाई, नुसता सॅमचा खोकला ऐकू येतोय!"

म्हणून प्रार्थनेच्या अ‍ॅपवर सगळी भिस्त होती. पुण्याच्या कंपनीतली नोकरी सांभाळून तिनं आमच्या मंडळीसाठी ते बनवलेलं, पेटीचा सूर जसाच्या तसा पोचवणारं. पण आक्काचा जुना फोन पाण्याच्या बादलीत गेला आणि नव्या फोननं जुनं अ‍ॅप घेतलंच नाही. मग प्रार्थनेनं अ‍ॅप तयार करायचं टूल नवं टाकलं, आणि तेव्हापासून अ‍ॅप काही तयार होईना.

"काय म्हणतंय?" मी शेजारी टेकलो.

"बिल्ड फुटतोय, पप्पा. नवं टूल जुन्या स्क्रिप्टवर रुसलंय. म्हणे अ‍ॅपच्या आवृत्तीचा आकडा चुकीचा. आकडा बरोबर आहे हो! सगळं पुसून पुन्हा केलं, तरी तेच."

स्क्रिप्ट म्हणजे कोणतं काम कशामागून करायचं हे संगणकाला लिहून दिलेलं असतं, एवढं मला तिच्याकडून कळलं होतं. कीर्तनासारखंच. नमन, पूर्वरंग, आख्यान.

सॅम उपरणं सावरत आला. "प्रार्थना, मंडळी बसली गं."

"दादा, थोडं थांब ना."

"नमन लांबवतो. पण फार लांबवलं तर मामा झांज वाजवता वाजवता झोपतील."

"जा रे, उभा राहा आधी!" मी म्हणालो. प्रार्थना हसली नाही. डोळे भरले होते तिचे.

मी पडद्याकडे पाहिलं. सगळं इंग्रजी, मधेच एक ओळ मराठी. *प्रभूची स्तुती असो.* तिच्याखाली आकडा. मला भरून आलं.

"पोरी, हे मात्र छान केलंस. आधी स्तुती, मग आकडा."

"ती ओळ माझी स्क्रिप्ट पहिल्यापासून बोलते, पप्पा. तुम्हीच नाही का शिकवलं, त्याचं नाव घेतल्याशिवाय काम..." ती थांबली. पडद्याजवळ सरकली. "अगं बाई! रोज बघून मला ती ओळ दिसेनाशीच झाली होती. जुनं टूल शेवटची ओळ तेवढी उचलत असणार. नवं सगळंच उचलतंय. ते मला आकडा विचारतंय, आणि मी त्याला स्तुती ऐकवतेय!"

तिचं बोट ओळ पुसायला निघालं. मी तिचा हात धरणार होतो, पण आक्का डोळ्यांसमोर आली.

"पूस," मी म्हणालो. "एका ओळीसाठी देव रुसायचा नाही."

तिनं बोट उचललं. "पुसायची कशाला? स्क्रिप्टला बोलायला दोन वाटा असतात. एका वाटेवर टूलचा कान असतो, दुसरी फक्त माणसानं वाचायची. स्तुती दुसऱ्या वाटेनं पाठवते."

तिनं दोनचार अक्षरं मारली. पडद्यावर आधी स्तुती उमटली, मग ओळींमागून ओळी धावल्या, आणि शेवटी हिरव्या अक्षरांत काहीतरी आलं. प्रार्थनेनं डोळे मिटून "आमेन" म्हटलं, तेव्हा मला समजलं. लगेच फाईल सोनईला गेली, आणि इकडे प्रार्थनेनं आपला फोन पेटीजवळ ठेवला. तिथं शेजारच्या सवितानं ती आक्काच्या फोनवर चढवली आणि उलट निरोप आला, "पेटी ऐकू येतीय."

प्रार्थनेनं सॅमला हात केला. त्यानं तिसऱ्यांदा घोळवलेलं नमन सोडलं, चिपळ्या वाजवल्या आणि हरवलेल्या मेंढराचं आख्यान लावलं. एका मेंढरासाठी मेंढपाळ रान कसं तुडवतो ते गाताना त्याचा आवाज बापासारखा चढला. मी झांज वाजवत होतो, पण नजर पुन्हा पुन्हा पुढच्या बाकाकडे जात होती. लॅपटॉप मिटून माझी लेक टाळ्यांनी ताल धरून गात होती.

चहाच्या वेळी आक्काचा आवाज आला. प्रार्थनेनं तो सगळ्यांना ऐकवला.

"सॅम, चिपळी बापासारखीच वाजली रं. लई रडले. आन थॉमस, आख्यानात झांज दोनदा मागं राहिली. झोपला हुतास व्हय?"

सगळं चर्च हसलं. सॅम तर बाकावर हात आपटून हसला. मी कप घेऊन उभा राहिलो आणि ऐकेल त्याला सांगत सुटलो, "सोनईत खाटेवर पडून तिला माझी झांज चुकल्याचं कळलं! माझ्या लेकीनं बनवलंय हे!"